कॅनडात नोकरी शोधताना कोणती खिडकी कशासाठी

टोरंटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन भागात नव्याने आलेल्या आपल्या माणसांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: "नोकरीसाठी सरकार मदत करतं म्हणतात, ती नेमकी कुठे मिळते?" याचं उत्तर एका पत्त्यात देता येत नाही. इथे रोजगाराच्या कामात दोन सरकारं आहेत, एक ओटावाचं फेडरल म्हणजे केंद्राचं आणि दुसरं तुमच्या प्रांताचं. आपल्याकडे रेशनचं धान्य केंद्राकडून येतं, पण कार्ड आणि दुकान राज्याच्या हातात असतं. इथल्या नोकरी-प्रशिक्षणाचंही बरंचसं तसंच आहे. पैसा मोठ्या प्रमाणात ओटावाचा, खिडकी प्रांताची. हे एकदा ध्यानात आलं की निम्मी पायपीट वाचते.

असं का झालं, ते थोडक्यात सांगतो. शिक्षण पहिल्यापासून, म्हणजे 1867 पासून, प्रांतांच्या अखत्यारीत आहे. बेरोजगारी विमा मात्र 1940 मध्ये घटनादुरुस्ती करून फेडरलकडे गेला. बेकार माणसाला नवं कौशल्य शिकवायचं तर ते काम दोघांच्या मधे येतं. त्यामुळे 1996 च्या एम्प्लॉयमेंट इन्शुरन्स कायद्यानंतर ओटावाने एकेका प्रांताशी करार करत प्रशिक्षणाचं काम त्यांच्याकडे सोपवलं. आल्बर्टा त्यात अगदी आधी, डिसेंबर 1996 मध्ये. ओंटारियोने 2005 मध्ये करार केला आणि काम प्रत्यक्ष हातात घेतलं ते 2007 च्या जानेवारीत. फार वर्षांपूर्वी इथे आलेले एखादे काका कोर्सच्या पैशांसाठी तुम्हाला थेट फेडरल कार्यालयात जायला सांगतील. त्यांच्या काळी ते बरोबर होतं, आता नाही.

आज विभागणी अशी आहे. सिन नंबर (नोकरीसाठी लागणारा सोशल इन्शुरन्स नंबर), ईआय म्हणजे एम्प्लॉयमेंट इन्शुरन्समधून मिळणारा बेरोजगारीचा भत्ता, प्रसूती आणि आजारपणाचा भत्ता ही कामं सर्व्हिस कॅनडा या फेडरल कार्यालयाकडे. जॉब बँक ही नोकऱ्यांची वेबसाइटही फेडरलच. रेझ्युमे, मुलाखतीची तयारी, समुपदेशक, कोर्ससाठी आर्थिक मदत हे सगळं प्रांताकडे: ओंटारियोत एम्प्लॉयमेंट ओंटारियो, ब्रिटिश कोलंबियात वर्कबीसी, क्वेबेकमध्ये सर्व्हिसेस क्वेबेक. यातली बरीच केंद्रं स्थानिक सेवाभावी संस्था चालवतात. दारावर सरकारी नावाऐवजी संस्थेचं नाव दिसलं तरी बिचकू नका. सेवा मोफत असते. नोकरी शोधून देतो म्हणून कोणी तुमच्याकडे पैसे मागितले, तर तिथून सरळ बाहेर पडा.

आता करारांची एक बारीक बाब, कारण ती नवीन माणसाला थेट लागू होते. ओटावा प्रांतांना दोन प्रकारच्या करारांतून पैसे देतं. पहिल्यातला पैसा ईआयच्या निधीतला आहे. त्यातून कोर्सचा खर्च मिळायचा तर ईआयशी तुमचा संबंध लागतो: एकतर भत्ता चालू हवा, किंवा गेल्या पाच वर्षांत संपलेला हवा, किंवा गेल्या दहापैकी किमान पाच वर्षं 2,000 डॉलरच्या वर कमाई करून ईआयचे हप्ते भरलेले हवेत. कालपरवा आलेला माणूस यात बसत नाही. दुसऱ्या, वर्कफोर्स डेव्हलपमेंट नावाच्या करारांना ही अट नाही, आणि नवीन स्थलांतरितांना त्यातून वाट मिळू शकते. कोणत्या निधीत तुम्हाला बसवायचं हे समुपदेशक ठरवतो. तुमचं काम एवढंच, की आपली खरी परिस्थिती स्पष्ट सांगायची. "मी अजून इथे एक दिवसही काम केलेलं नाही" हे सांगण्यात कमीपणा नाही. समुपदेशन आणि नोकरीशोधाची मदत ईआयवर अवलंबून नसते, म्हणून "मी ईआयवर नाही, मग जाऊन काय उपयोग" असं ठरवून घरी बसू नका.

सगळ्यात जास्त नुकसान कुठे होतं, तेही सांगतो. पहिली नोकरी लागते, वर्ष-दीड वर्षाने कपात होते, ईआय सुरू होतो, आणि माणूस रिकामा बसण्यापेक्षा बरं म्हणून स्वतःच पूर्णवेळ कोर्सला नाव घालतो. हेतू चांगलाच असतो. पण ईआयचा मूळ नियम असा, की भत्ता घेणाऱ्याने कामासाठी उपलब्ध असायला हवं आणि काम शोधत राहायला हवं. पूर्णवेळ वर्गात बसणारा उपलब्ध नाही असं धरलं जातं, आणि भत्ता थांबू शकतो. तोच कोर्स प्रांताने मंजूर करून तुम्हाला पाठवलं, तर त्या काळात तुम्ही उपलब्ध आहात असं कायद्याने मानलं जातं आणि भत्ता चालू राहू शकतो. म्हणून आधी प्रांताच्या समुपदेशकाला भेटा, मंजुरी लेखी घ्या, आणि मगच फी भरा. प्रवेशाची मुदत संपत आली म्हणून कॉलेजवाले घाई करतील. तरीही थांबा.

कपात झाली की आणखी एक कागद बघायचा: रेकॉर्ड ऑफ एम्प्लॉयमेंट, म्हणजे कंपनीने भरून दिलेली तुमच्या नोकरीची नोंद. बहुतेक कंपन्या तो ऑनलाइन भरतात आणि तो तुमच्या सर्व्हिस कॅनडाच्या खात्यात दिसतो. त्यातल्या सोळाव्या चौकटीत नोकरी सुटल्याचं कारण एका अक्षरात असतं. ए म्हणजे काम संपलं किंवा कमी झालं, ई म्हणजे तुम्ही स्वतः सोडलं, एम म्हणजे काढून टाकलं. कपात झालेली असताना तिथे ई पडलं असेल, तर लगेच कंपनीकडे दुरुस्ती मागा. कागद हाती आला नाही तरी अर्ज लांबवू नका. शेवटच्या दिवसानंतर चार आठवडे उलटले तर काही आठवड्यांचा भत्ता बुडू शकतो. पात्रतेसाठी गेल्या 52 आठवड्यांत 420 ते 700 तास काम लागतं. नेमका आकडा तुमच्या भागातल्या बेरोजगारीच्या दरावर ठरतो.

पीआर म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना घेऊन आलेल्यांसाठी तिसरी खिडकीही आहे: फेडरलच्या पैशावर चालणाऱ्या सेटलमेंट संस्था. इंग्रजीचे मोफत वर्ग, इथली कार्यालयीन पद्धत, तुमच्याच व्यवसायातल्या माणसांशी ओळखी असं सगळं तिथे मिळतं. नागरिकत्व घेतलं की हा हक्क संपतो, म्हणून पहिल्या वर्षीच लाभ घ्या. विद्यार्थी म्हणून आलेल्यांना या सेवा सहसा मिळत नाहीत, त्यांनी आधी कॉलेजच्या करिअर सेंटरला गाठावं. क्वेबेकचा मामला वेगळा. 1991 च्या करारामुळे तिथे ही व्यवस्थाही प्रांतच बघतो. मॉन्ट्रियलला उतरणार असाल तर पहिल्याच आठवड्यात फ्रेंचच्या वर्गाला नाव घाला.

एक गोष्ट मनापासून खटकते, ती बोलून दाखवतो. ओटावा प्रांतांना या कामासाठी काही वर्षं दरवर्षी 62.5 कोटी डॉलर जास्तीचे देत होतं. मार्च 2024 नंतर ते बंद झाले. प्रांतांच्या मंत्र्यांनी एकमुखाने नाराजी व्यक्त केली, पण रक्कम परत आली नाही. अशा भांडणात होरपळतो तो खिडकीपाशी उभा असलेला माणूस. कोर्सच्या जागा भरल्या असं उत्तर मिळालं, तर पुढची तुकडी कधी, आपलं नाव प्रतीक्षा यादीत घालाल का, हे विचारून, ईमेलवर लिहून घेऊनच उठा. पहिल्या पगारापासून तुमचा कर आणि ईआयचा हप्ता कापला जातो. हे मागणं हक्काचं आहे.

आता व्यवसायाच्या परवान्यांबद्दल. त्यांचा अधिकार प्रांतांच्या मंडळांकडे आहे. पुण्याच्या इंजिनिअरने ओंटारियोत परवान्यासाठी प्रोफेशनल इंजिनिअर्स ओंटारियोकडे अर्ज करायचा. कॅनडातल्या अनुभवाची अट त्यांनी मे 2023 मध्ये काढून टाकली, त्यामुळे "इथला अनुभव नाही म्हणून परवाना मिळणार नाही" हा जुना समज मनातून काढा. चाकणला काम केलेल्या आयटीआयवाल्या भावांसाठी तर इथे खरोखर चांगली संधी आहे. ओंटारियोत इलेक्ट्रिशियन आणि प्लंबरच्या कामाला प्रांताचा परवाना सक्तीचा आहे, वेल्डरला नाही. पण रेड सील हे कारागिरांचं प्रमाणपत्र मिळवलं की ते देशभर मानलं जातं. अनुभवाची मोजणी स्किल्ड ट्रेड्स ओंटारियो ही प्रांताची संस्था करते, आणि तिथे नुसतं "पाच वर्षं काम केलं" असं पत्र कामाला येत नाही. जुन्या मालकाकडून कंपनीच्या लेटरहेडवर तारखा, एकूण तास आणि प्रत्यक्ष कोणती कामं केली याचा तपशील घ्या: वायरिंग, पॅनल, मोटर दुरुस्ती, जे असेल ते. आयटीआयचं प्रमाणपत्र आणि गुणपत्रिकाही सोबत ठेवा. हे सगळं भारत सोडण्याआधी गोळा करा. एकदा इकडे आल्यावर जुन्या सुपरवायझरला फोनवर गाठून सही-शिक्का मिळवायला महिने जातात.