ब्रेनस्टेमजवळची एपिडर्मॉइड सिस्ट: ऑपरेशनआधी, टेबलावर आणि घरी आल्यावर

एपिडर्मॉइड ही कॅन्सरची गाठ नाही. गर्भाच्या तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात मज्जानलिका (जिच्यापासून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनतात ती नळी) मिटताना कातडीच्या काही पेशी आत अडकतात आणि कातडीसारख्याच वाढत, कोंडा टाकत राहतात. हा कोंडा साचायला वर्षं लागतात, म्हणून त्रास बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो: चेहऱ्यात विजेसारखी कळ, एका कानाने कमी ऐकू येणं, चालताना तोल जाणं. कानामागचा, लहान मेंदू आणि ब्रेनस्टेम (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा देठ) यांच्या मधला कोपरा ही तिची नेहमीची जागा.

निदान एका गोष्टीवर अडतं. साध्या एमआरआयमध्ये ही सिस्ट मेंदूभोवतीच्या पाण्यासारखीच दिसते आणि अ‍ॅरॅक्नॉइड सिस्ट (म्हणजे त्याच पाण्याने भरलेली पिशवी) समजली जाऊ शकते. एमआरआयच्याच डिफ्युजन म्हणजे डीडब्ल्यूआय प्रकारच्या चित्रात मात्र एपिडर्मॉइड पांढरी उठून दिसते, अ‍ॅरॅक्नॉइड काळी राहते. रिपोर्टमध्ये डीडब्ल्यूआयचा उल्लेख नसेल तर जरूर विचारा. गोळ्यांनी किंवा रेडिएशनने ती विरघळत नाही. लहान असेल आणि त्रास नसेल तर ठरावीक काळाने एमआरआय करत थांबता येतं.

ऑपरेशन ठरलं की आधी ऑडिओग्राम (ऐकण्याची तपासणी) करून घ्या, चेहऱ्याच्या हालचालींची आणि गिळण्याची नोंद करून घ्या. नंतर काय बदललं ते यावरूनच कळतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या, हे सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतील. चेहऱ्याच्या कळेसाठी कार्बामॅझेपिन चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, कळ उसळते. भुलेआधी साधारण ६ तास खाणं बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत. तरी तुमच्या भूलतज्ज्ञांनी सांगितलेलीच वेळ पाळा.

टेबलावर रुग्णाला कुशीवर झोपवून डोकं तीन पिनांच्या चौकटीत पक्कं धरतात. चेहऱ्याच्या स्नायूंत बारीक सुया आणि कानात आवाजाची नळी बसवतात, म्हणजे नसांना धक्का लागला तर मॉनिटर लगेच सांगतो. कानामागे काही सेंटिमीटरचा छेद घेऊन हाडाची छोटी खिडकी काढतात. दोन मोठ्या शिरा जिथे मिळतात त्या कोपऱ्याशीच ही खिडकी हवी. ती मागे सरकली तर लहान मेंदू जास्त दाबावा लागतो. हाडातल्या हवेच्या पोकळ्या उघडल्या तर त्या लगेच मेणाने बुजवतात.

मेंदूचं आवरण उघडल्यावर पहिलं काम गाठीचं नसतंच. आधी मेंदूभोवतीचं पाणी सावकाश सोडतात, मग लहान मेंदू आपोआप सैल होऊन बाजूला होतो. इथे घाई केली तर तो सुजतो आणि पुढची सगळी वाटच अरुंद होते.

मग गाठ दिसते: मोत्यासारखी पांढरी, चकचकीत. आत ओल्या मेणाचे पापुद्रे एकावर एक रचल्यासारखा माल. भोवती कापसाच्या पट्ट्या लावून तो आतूनच, हलक्या सक्शनने काढतात. पट्ट्या यासाठी की या मालातलं कोलेस्टेरॉल मेंदूभोवतीच्या पाण्यात पसरलं तर मेंदूच्या आवरणाला दाह होतो. पोकळी रिकामी झाली की पातळ भिंत नसांवरून सोलायची. वर पाचवी नस (चेहऱ्याच्या संवेदनेची), मध्ये सातवी-आठवी (चेहऱ्याच्या हालचालीची आणि ऐकण्या-तोलाची), खाली गिळण्याच्या आणि आवाजाच्या नसा. आड लपलेले कोपरे ३० अंशांच्या एंडोस्कोपने तपासतात.

भिंत ब्रेनस्टेमला किंवा त्याच्या केसासारख्या रक्तवाहिन्यांना घट्ट चिकटली असेल तर तेवढा पापुद्रा तिथेच सोडावा. हे आम्ही ठामपणे सांगतो. तो ओढून काढताना एक बारीक रक्तवाहिनी तुटली तरी कायमचं अपंगत्व येऊ शकतं. राहिलेला पापुद्रा वाढायला बहुधा वर्षानुवर्षं घेतो. ‘पूर्ण निघाली का?’ याबरोबर ‘काय सोडलं आणि का?’ हेही सर्जनला विचारा.

नंतरची पहिली चूक घरच्या मायेतून होते. शुद्धीवर आल्यावर रुग्ण पाणी मागतो आणि कुणीतरी चमच्याने पाजतं. गिळण्याची तपासणी होईपर्यंत एक थेंबही देऊ नका. गिळण्याची नस दुबळी असेल तर पाणी फुफ्फुसात जातं. प्यायल्यावर ठसका लागणं किंवा आवाज घोगरा, ओलसर होणं ही खूण. चेहरा एका बाजूने ढिला पडला असेल तर डोळा वाचवा: दिवसा थेंब, रात्री मलम, आणि पापणी नीट मिटवूनच वर टेप. अर्धवट उघड्या डोळ्यावर टेप लावली तर तीच बुबुळाला घासते.

वाकल्यावर एका नाकपुडीतून पाण्यासारखं टपटपलं तर ती सर्दी समजू नका. हाडाच्या पोकळीतून मेंदूचं पाणी मध्यकर्णात आणि तिथून नाकात उतरत असू शकतं. ताप, मान आखडणं, वाढती डोकेदुखी दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. कोलेस्टेरॉलचा दाह आणि जंतूंचा संसर्ग वरून सारखेच दिसतात. पाठीतून पाणी काढून तपासावं लागतं. रुग्ण जास्तच झोपाळू वाटला, उलट्या सुरू झाल्या, तर एक तासही थांबू नका: रक्त किंवा पाणी साचलं आहे का, हे सीटी स्कॅनमध्ये लगेच पाहावं लागतं.

पुढचे एमआरआय दर वेळी डीडब्ल्यूआयसहच करा, बरं वाटत असलं तरी. ऑपरेशननंतरच्या पहिल्या एमआरआयची सीडी, नुसता कागदी रिपोर्ट नव्हे, जपून ठेवा. पंधरा वर्षांनी तुलना तिच्याशीच करायची आहे.