बेळगाव भागात स्पोर्ट्स कारला स्वस्तात टायर घेताय? या चुका टाळा

पेट्रोल आपल्याकडे कर्नाटकात स्वस्त म्हणून एमएच ०९ च्या, म्हणजे कोल्हापूरच्या गाड्या कोगनोळी-निपाणीच्या पंपांवर वळतात, हे सीमाभागात लहान पोरालाही माहीत आहे. त्यामुळे टायरच्या बाबतीतही काहींचा समज झालाय की हद्द ओलांडली की भाव बदलणार. तसं होत नाही. पेट्रोलवर प्रत्येक राज्य आपापला कर लावतं. टायरवर जीएसटी लागतो आणि तो हद्दीवरच्या शिनोळीच्या अलीकडे-पलीकडे एकच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे मूळ किंमत १०,००० रुपये असेल तर आधी १२,८०० पडायचे, आता ११,८०० पडतात. एखादा दुकानदार जुन्या एमआरपीवरून 'डिस्काउंट' मोजून दाखवत असेल तर हा हिशेब त्याच्यासमोर मांडा.

कोल्हापूर, हुबळी किंवा बेंगळुरूला फोन करण्यासारखं कारण एकच, ते म्हणजे माल. स्विफ्ट-आय ट्वेंटीचा टायर उद्यमबागेत किंवा खानापूर रोडला दहा मिनिटांत मिळेल. १८ इंची, ४० प्रोफाइलचा, म्हणजे बुटक्या बाजूचा टायर मात्र बहुतेकदा मागवावा लागतो. पहिली मोठी चूक इथेच होते.

तारीख न बघता अ‍ॅडव्हान्स देणं

ज्या साइझचा खप कमी, तो टायर गोदामात पडून राहतो. त्यात जून २०२० पासून परदेशी टायरच्या आयातीवर सरकारी निर्बंध आहेत, त्यामुळे काही आयात साइझ मिळणं कठीण झालं आणि जुना साठा 'इम्पोर्टेड आहे साहेब' म्हणून गळ्यात मारणं सोपं झालं. टायरच्या बाजूवर डॉट (DOT) या अक्षरांनंतर जो क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडे बघा. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी कोरी करकरीत दिसते, पण रबर वयाने कडक होत जातं आणि कडक रबर ओल्या रस्त्यावर धरत नाही. हा क्रमांक कधीकधी टायरच्या एकाच बाजूला पूर्ण असतो, म्हणून दोन्ही बाजू बघा. मागवायचा असेल तर आधी त्या आकड्यांचा फोटो मागा, मग पैसे पाठवा. वर्षाच्या आतला टायर घ्यावा. दोन वर्षांपर्यंतचा भाव पाडून घेता येईल. त्याहून जुना फुकटातला असला तरी मी तरी घेणार नाही. नामांकित कंपनीचा तीन वर्षं पडून असलेला टायर आणि देशी कंपनीचा तीन महिन्यांपूर्वीचा टायर असे दोन समोर ठेवले, तर दुसराच उचला. आणि आयएसआयचा शिक्का आहे ना, तेही बघा.

रिमचा हट्ट

खरी बचत ब्रँडमध्ये कमी आणि साइझमध्ये, म्हणजे रिम एक-दोन इंच लहान घेण्यात, जास्त असते, पण तिकडे फारसं कुणी बघत नाही. २२५/४० आर १८ म्हणजे रुंदी २२५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ४० टक्के आणि रिम १८ इंची. गणित केलं तर पूर्ण टायरचा व्यास ६३७ मिलिमीटरच्या आसपास येतो. २२५/४५ आर १७ चा येतो ६३४ आणि २०५/५५ आर १६ चा ६३२. फरक एक टक्क्याच्या आतला. स्पीडोमीटर आणि एबीएसला तो जाणवतही नाही. १६ आणि १७ इंचात देशी कंपन्यांचा भरपूर माल आहे, कारण त्या मापाच्या गाड्या रस्त्यावर भरपूर आहेत. व्हर्टस जीटी, स्लाव्हियाचे वरचे व्हेरिएंट यांना २०५/५५ आर १६ च येतो.

दुसरा फायदा आपल्या रस्त्यांचा. ४० प्रोफाइलच्या टायरला बाजूची उंची मिळते ९० मिलिमीटर, ४५ ला १०१. जांबोटीच्या पुढे पावसाळ्यात जे खड्डे पडतात, त्यात हा एक सेंटिमीटर रिम वाकण्यापासून आणि बाजूला फुगा येण्यापासून वाचवू शकतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, पंक्चरवाला काहीही सांगो.

मात्र लहान रिम बसवण्याआधी ब्रेक कॅलिपरला ती घासते का, बोल्टचं अंतर आणि ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसते ते) जुळतं का, हे बसवून बघायलाच हवं. त्याच मॉडेलच्या खालच्या व्हेरिएंटची कंपनीची रिम मिळाली तर सगळ्यात उत्तम, तरीही ब्रेक वेगळे असू शकतात. उलट दिशेने, म्हणजे आहे त्या रिमवर आणखी रुंद टायर चढवायचा उद्योग करू नका. रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीच्या पावसात किंवा आंबोलीच्या धुक्यात तुम्हाला पाणी कापणारी नक्षी हवी आहे. ट्रॅकवरच्या जवळजवळ गुळगुळीत टायरचा तिथे काही उपयोग नाही.

'आपण कुठे दोनशेने जातो?'

साइझच्या पुढे ९२ वाय, ९४ डब्ल्यू असं काहीतरी असतं. बहुतेक जण ते वाचत नाहीत. आकडा वजनाचा: ९२ म्हणजे एका टायरवर ६३० किलो, ८८ म्हणजे ५६० किलो. चार टायरचा मिळून फरक २८० किलो झाला, म्हणजे चार धडधाकट माणसं. त्याच साइझमध्ये कमी आकड्याचा टायर थोडा स्वस्त मिळतो आणि दुकानदार तो बिनधास्त बसवूनही देतो. अक्षर वेगाचं: एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३०० किलोमीटर. चौपदरी हायवेला मर्यादा १०० ची असताना डब्ल्यू कशाला, असं विचारणारे भेटतात. पण हे अक्षर टायर किती उष्णता सोसतो, त्याची बांधणी कशी आहे, हेही सांगतं. तवंदी घाटाच्या वळणात उन्हाळ्यातल्या दुपारी गाडी जोरात वळवली की तो फरक हातात कळतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवर कंपनीने जे छापलंय, त्याच्या खाली उतरू नका. वर गेलात तर फक्त पैसे जास्त.

दोनच घेतोय, पुढे बसवा

हे वाक्य टायरच्या दुकानात हमखास ऐकू येतं. पुढचे झिजले म्हणून नवे पुढे, अशी साधी समजूत. ती चुकीची आहे, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असो वा मागच्या. नवे दोन टायर मागे बसवा आणि मागचे बरे असतील तर पुढे आणा. ओल्या वळणावर पुढची चाकं घसरली तर ॲक्सिलरेटर सोडून सावरता येतं. मागची घसरली तर गाडी गरकन फिरते आणि चोर्ला घाटात फिरायला जागा नाही. पुढे-मागे वेगळी साइझ असलेल्या गाड्यांत, जसं पुढे २२५ आणि मागे २५५, हा प्रश्नच येत नाही. तिथे ज्या धुरीचे, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीचे झिजले, त्याच धुरीचे बदलायचे. एकाच धुरीवर दोन कंपन्यांचे टायर मात्र कधीच नकोत. चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत झीज फार वेगळी चालत नाही, तिथे चारही एकदम बदलण्याचा हिशेब धरा.

बदलायची वेळ कधी? कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटर शिल्लक हवी. खोबणीतल्या उंचवट्यापर्यंत झीज आली की समजा टायर गोटा झाला. आपल्या पावसात ३ मिलिमीटरलाच बदललेला बरा. मे महिना संपायच्या आत.

रनफ्लॅटचं सोडू का?

बीएमडब्ल्यू, मिनीसारख्या गाड्यांना हा प्रश्न पडतो. रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी चालणारा टायर, महाग असतो आणि खड्ड्यात कडक बसतो. साधा टायर लावला तर पैसे वाचतात, गाडीही मऊ चालते. पण यातल्या बऱ्याच गाड्यांत स्टेपनीसाठी वेगळी जागा नसते. रनफ्लॅट हवा गेल्यावरही ताशी ८० च्या वेगाने साधारण ८० किलोमीटर नेतो, म्हणजे कणकुंबीच्या जंगलातून तुम्ही बेळगाव नाहीतर गोव्यातलं साखळी गाठता. साधा टायर बसवायचा तर हवेचा पंप, पंक्चर किट आणि शक्य असल्यास छोटी स्टेपनी डिकीत पाहिजेच. गावातल्या गावात फिरणाऱ्याने खुशाल बदलावा. दर शनिवारी गोव्याला जाणाऱ्याने दोनदा विचार करावा.

रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवी नक्षी चढवलेला टायर ट्रकला ठीक आहे, स्पोर्ट्स गाडीला नाही. जुन्या बाजारातला टायर घ्यायचाच असेल तर रिमवरून काढून आतली बाजू बघा. बाजूला पॅच दिसला की परत द्या. नायट्रोजनसाठी जादा पैसे देऊ नका, साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

बसवल्यानंतर काही बिघडलं तर

स्टेअरिंग ८० ते १०० च्या दरम्यान थरथरतं आणि त्याहून कमी-जास्त वेगाला बरं वाटतं, तर बॅलन्सिंग चुकलंय किंवा रिम वाकलीय. नवा टायर मधूनच झिजतोय तर हवा जास्त, दोन्ही कडांनी झिजतोय तर हवा कमी. हवा नेहमी टायर थंड असताना बघायची. घाट चढून आल्यावर आकडा वाढलेला दिसला म्हणून काढू नका. फक्त आतली कड झिजत असेल तर अलाइनमेंट बघा. स्पोर्ट्स गाड्यांची चाकं मुळातच वरून थोडी आत झुकलेली असतात, त्यामुळे बाहेरून टायर छान दिसतो आणि आत तार उघडी पडलेली असते. स्टेअरिंग पूर्ण वळवून आतली कड हाताने चाचपून बघायची सवय ठेवा. अलाइनमेंट न करता नवे टायर बसवणं म्हणजे आठ-दहा हजार किलोमीटरमध्ये ते वाया घालवणं.

पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर सांभाळून चालवा, नवीन रबरावर साच्यातला चिकट थर असतो. गाडी एका बाजूला ओढत असेल आणि अलाइनमेंट बरोबर असेल, तर पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून बघा. एका दिशेने फिरणारे, बाण छापलेले टायर असतील तर मात्र रिमवरून काढूनच बदलावे लागतील. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा, आणि तो वॉरंटीत दाखवता येतो. दुकानदाराकडे तेव्हा पहिला प्रश्न बिलाचा येतो, दुसरा अनुक्रमांकाचा. म्हणून पैसे देतानाच चारही टायरचे क्रमांक बिलावर लिहून घ्या.