केऑस बांधायचं तर आधी दार आणा

रेडिओवर उडणाऱ्या मॉडेल विमानाच्या किटचा खोका घरी आला की चाकू घेऊन लगेच बसावंसं वाटतं. तो मोह आवरा. आधी एक फ्लश डोअर आणा. विमान जेवढं सरळ पाहिजे तेवढाच ज्यावर बांधायचं तो पाट सरळ पाहिजे, आणि घरातलं कुठलंही टेबल सरळ नसतं. माझी सगळी नोकरी भोसरीत टूलरूममध्ये (साचे-हत्यारं बनवायच्या खात्यात) झाली, त्यामुळे ही खोड हाडात मुरलेली. जुन्या बाजारात मीटरभर लांबीची स्टीलची पट्टी लावून मी तीन दारं नापास केली, तेव्हा विकणारा वैतागून म्हणाला, “काका, दार बघताय का स्थळ?” चौथं पास झालं. त्यावर टाचण्या टोचायला सॉफ्ट बोर्ड, त्यावर प्लॅन आणि प्लॅनवर पारदर्शक प्लास्टिक. प्लास्टिक विसरलात तर पंखासोबत प्लॅनही उडेल.

विमान कोणतं, ते आता सांगतो. रेडिओवर चालणाऱ्या कसरतीच्या विमानांची पहिली जागतिक स्पर्धा 1960 साली स्वित्झर्लंडमध्ये झाली, ती अमेरिकेच्या एड काझमिर्स्कीने ‘ओरायन’ घेऊन जिंकली. 1967 मध्ये कॉर्सिकाला फिल क्राफ्टचं ‘क्विक फ्लाय थ्री’ पहिलं आलं, 1977 मध्ये ऑस्ट्रियाच्या हॅनो प्रेटनरचं ‘क्युरारे’. ही विमानं आकाशभर लांबलचक रेघा ओढत. पुढे ऐंशीच्या दशकात स्पर्धेचे नियम बदलले, एकामागून एक कसरती न थांबता, ठरलेल्या चौकटीत करायची पद्धत आली आणि विमानं फुगत गेली. मला त्या आधीची आवडतात. त्यातलं घरी बांधायला सगळ्यात सुटसुटीत म्हणजे कॅलिफोर्नियाच्या जो ब्रिडीचं सत्तरच्या दशकातलं ‘केऑस’. खाली बसवलेला पंख, पसारा साधारण दीड मीटर, तीन चाकं, पेटीसारखी बॉडी, पुढे 10 सीसीचं इंजिन. नाव गोंधळाचं, पण स्वभाव एकदम गरीब.

आज ही विमानं बहुतेक ‘शॉर्ट किट’ म्हणून मिळतात. म्हणजे रिब्ज (पंखाच्या फासळ्या), फॉर्मर (बॉडीतल्या आडव्या चौकटी) असे आकाराचे भाग लेझरने कापलेले, आणि लांब पट्ट्या व शीट आपण आणायच्या. मला हेच बरं वाटतं, कारण बाल्सा, म्हणजे विमानाचं हलकं लाकूड, निवडणं हे अर्धं काम आहे. 3 मिलिमीटर जाड, 10 सेंटिमीटर रुंद, एक मीटर लांब शीट घ्या. हलकी असेल तर 30 ते 36 ग्रॅम भरते, जड असेल तर त्याच मापाची 55-60 ग्रॅम. डोळ्यांना दोन्ही सारख्याच. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा उचलायचा (परवानगी काढून), प्रत्येक शीटवर पेन्सिलने वजन लिहायचं आणि तीन ढीग करायचे. सगळ्यात हलका ढीग शेपटीसाठी बाजूला. शेपटीत 10 ग्रॅम वाढले की तोल साधायला नाकात 25-30 ग्रॅम शिसं भरावं लागतं.

वजनानंतर रेषा बघा. काही शीटवर लांब सरळ रेघा दिसतात, त्या रुंदीत सहज वाकतात. पंखाच्या पुढच्या कडेवर गुंडाळायला त्या. काहींवर माशाच्या खवल्यांसारखी बारीक चमक असते. त्या ताठ असतात, वाकवायला गेलं की कडकन मोडतात. रिब्ज अशा शीटच्या हव्यात. बॉडीच्या दोन बाजूंसाठी मात्र जुळी भावंडं शोधा. दोन्ही शीट टेबलाच्या कडेवरून सारख्याच बाहेर काढायच्या, टोकाला एकच नाणं ठेवायचं आणि किती वाकतात ते बघायचं. एक ताठ आणि एक मऊ घेतली, तर मागे दोन्ही टोकं जुळवताना बॉडी केळ्यासारखी वळते आणि मग कशानेही सरळ होत नाही.

पावसाळ्यात मी बाल्साला हात लावत नाही. जुलैत माझ्या काट्यावर 34 ग्रॅमची शीट 37 भरली होती. ओल्या हवेत बांधलेला पंख दिवाळीत सुकतो आणि आपल्या मर्जीने पीळ घेतो. दसऱ्याला सुरुवात करा, होळीपर्यंत होतं.

पंखापासून सुरू करा, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. केऑसचा पंख वरून-खालून सारख्याच फुगाऱ्याचा. सरळ आणि उलटं सारखंच उडावं म्हणून. पण त्यामुळेच तो पाटावर सपाट बसत नाही. माझ्या किटमध्ये रिब्जना खाली छोटे पाय ठेवले होते, नंतर कापून टाकायचे. तुमच्याकडे तसे नसतील तर मागच्या कडेखाली मोजून पट्टी द्या. खालचा स्पार (पंखभर जाणारी लांब दांडी) टाचण्यांनी बसवा, रिब्ज गुण्याला लावून उभ्या करा, वरचा स्पार घाला, आणि मग दोन स्पारच्या मध्ये बाल्साचे तुकडे भरा. या तुकड्यांची रेषा उभी हवी, आडवी नव्हे. कडक वळणात वरचा आणि खालचा स्पार एकमेकांवर येऊ बघतात, त्यांना थोपवायचं काम या उभ्या रेषांचं. आडव्या लावल्या तर पंख दिसतो तसाच, फक्त एके दिवशी मोठ्या लूपच्या तळाला टाळी वाजवतो.

गोंदाचं म्हणाल तर रिब्जना पांढरा फेविकॉल. हळू वाळतो, तेवढ्यात सारखं करायला वेळ मिळतो, आणि नंतर घासलाही जातो. झटपट गोंद फक्त टाचणी जात नाही तिथे. मधला सांधा आणि इंजिनाची भिंत इथे इपॉक्सी, तोही तीस मिनिटांचा. पाच मिनिटांचा इपॉक्सी घाईच्या माणसांसाठी असतो आणि घाईच्या माणसांनी रेडिमेड विमान घ्यावं.

पुढच्या कडेवर वरून-खालून शीट चढली की पंखाची बंद नळी होते. ती होईपर्यंत पंख पिळता येतो, झाल्यावर येत नाही. म्हणून वरची शीट चिकटवायच्या आधी, पंख पाटावर दाबलेला असतानाच तपासा. मी दोन सारख्या सरळ पट्ट्या घेतो, एक मुळाशी आणि एक टोकाशी पंखावर आडवी ठेवतो, आणि मागे उभं राहून एका डोळ्याने बघतो. दोन्ही एका ओळीत दिसल्या पाहिजेत. 250 मिलिमीटर रुंद पंखात एक अंशाचा पीळ म्हणजे मागच्या कडेला साधारण साडेचार मिलिमीटर. एवढं डोळ्याला सहज दिसतं. दिसलं की कड उचलून खाली पाचर घाला, पट्ट्या जुळू द्या, मगच शीट. वर मासिकांचे गठ्ठे ठेवा आणि रात्रभर त्या खोलीत जाऊ नका.

दोन पंख जोडताना मध्ये प्लायची पट्टी, दोन्हीकडचा डायहेड्रल (पंख टोकाकडे वर उचललेला असण्याचा कोन) प्लॅनप्रमाणे, आणि सांध्याभोवती फायबरग्लासची पट्टी इपॉक्सीत भिजवून. इथे कंजुषी नको.

बॉडी सोपी. बाल्साची बाजू, तिला पुढच्या भागात आतून पातळ प्लाय, आणि मधे फॉर्मर. फक्त एक ध्यानात ठेवा: प्लाय चिकटवायच्या आधी दोन्ही बाजू पुस्तकासारख्या उघडून समोर ठेवा आणि आतल्या अंगावर ‘डावी’, ‘उजवी’ असं लिहा. मी पहिल्या केऑसला दोन डाव्या बाजू बनवल्या होत्या. कॉन्टॅक्ट सिमेंटने. सुटत नाही. माझा भाचा अजूनही लग्नकार्यात हा किस्सा सांगतो.

पंख आणि शेपटी बॉडीवर बसवण्याचा दिवस वेगळा ठेवा, त्या दिवशी दुसरं काही करू नका. गवंडी जसं सूत धरतो तसं इथे सूत धरायचं. बॉडीच्या मागच्या टोकाला मधोमध एक टाचणी, तिला न ताणणारा दोरा, आणि पंखाच्या दोन्ही टोकांपर्यंत अंतर सारखं. मग नाकाशी टाचणी आणि शेपटीची दोन टोकं. मग मागे जाऊन बघा: आडवी शेपटी पंखाला समांतर, उभी फिन तिला गुण्यात. बाजूने पाहिलं तर पंख आणि आडवी शेपटी दोन्ही शून्य अंशावर. दोऱ्यात दोन मिलिमीटरचा फरक आला तर मी बैठक घासून परत मोजतो. “एवढ्याने काय होतंय” हे वाक्य आमच्या टूलरूममध्ये शिवीसारखं होतं.

बिजागऱ्या, म्हणजे हिंजेस, सगळ्या एका रेषेत हव्यात आणि फट कागदाएवढी. वेगात ढिला एलेरॉन (पंखाची हलती मागची कड) फडफडायला लागला की दोन सेकंदांत तुटतो. सर्वोपासून (हलते भाग ओढणारी छोटी मोटर) एलिव्हेटरपर्यंतच्या (आडव्या शेपटीची हलती कड) दांड्याला बोटाने हलवून जरासाही खेळ जाणवला तर तो काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

इंजिन की मोटर, हा वाद मी घालत नाही. मेथॅनॉल आणि एरंडेलाचा तो वास मलाही आवडतो, पण इंधन मिळवणं आणि उडवून झाल्यावर तासभर तेल पुसणं आता होत नाही. माझ्यात सहा सेलची 4000 एमएएचची लिपो बॅटरी, 480 केव्हीच्या (दर व्होल्टला मिनिटाला तेवढे फेरे) आसपासची मोटर, 13×8 इंची पंखा आणि 80 अँपियरचा स्पीड कंट्रोलर आहे. बॅटरी सहाशे ग्रॅमच्या घरात जाते, म्हणजे इंधनाच्या टाकीच्या जागी ती आली की तोल जवळपास आपोआप साधतो. बॅटरीसाठी झाकण कापताना बॉडी कमकुवत होते, तिथे कडेने प्लायची चौकट द्या. आणि हवा आत येण्याच्या भोकापेक्षा बाहेर जाण्याचं भोक मोठं ठेवा. टेबलावर रेडिओ जुळवताना मोटरचा पंखा काढून ठेवायचा. हे मी दोन टाक्यांच्या खुणेकडे बघत लिहितोय.

वरून रंगीत प्लास्टिकची फिल्म, इस्त्रीने. आधी सगळं 400 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, ब्रशने धूळ काढा. फिल्म ताणताना पंख पुन्हा पिळतो, म्हणून वर-खाली आळीपाळीने ताणा आणि त्या दोन पट्ट्या परत ठेवून बघा. रंग खाली आणि वर वेगळे हवेत. माझ्या पंखाखाली काळे-पांढरे पट्टे आहेत, कारण साठीनंतर दोनशे मीटरवर विमान पोटाकडून दिसतंय की पाठीकडून, ते नुसत्या श्रद्धेवर ठरवता येत नाही.

गुरुत्वमध्य प्लॅनवर दाखवलेल्या पट्ट्याच्या पुढच्या टोकाला ठेवा, पहिल्या उड्डाणाला नाक जरा जडच बरं. पंख खाली असल्यामुळे विमान उलटं करून बोटांवर तोला. आडवा तोलही बघा: नाक आणि शेपूट धरून उचला, जे टोक सारखं खाली जातं त्याच्या विरुद्ध टोकात छोटा खिळा. उडवायच्या जागेसाठी सरकारचा ड्रोनसाठीचा हवाई हद्दीचा नकाशा पाहून घ्या. पुण्यात लोहगावला हवाई तळ आहे, त्या बाजूचा विचारही नको. आम्ही सासवडच्या पुढे एका माळावर सकाळी सातला जातो, वारा उठायच्या आत. रेंज तपासायची, सिग्नल तुटला तर मोटर बंद होते का ते चाक धरून बघायचं, आणि मग वाऱ्यात तोंड करून सोडायचं.

पहिल्या उड्डाणात कसरत नाही. उंचावर नेऊन हात सोडला तर सरळ जातं का, एवढंच. दुसऱ्या उड्डाणात पंचेचाळीस अंशांत वर चढवा, उलटं करा आणि ट्रान्समीटरची काडी सोडा. नाक चटकन खाली आलं तर पुढचं वजन जास्त आहे. बॅटरी अर्धा सेंटिमीटर मागे घ्या, परत बघा. माझं चौथ्या वेळी जुळलं. एलेरॉनला उजवीकडे ट्रिमच्या (सरळ उडावं म्हणून ट्रान्समीटरवरून करायची बारीक दुरुस्ती) दोन टिचक्या लागल्या. तेवढ्या मी ट्रान्समीटरवर ठेवल्या नाहीत. खाली उतरवून क्लेव्हिसचा (दांड्याच्या टोकाचा आट्यांवर फिरणारा चिमटा) एक आटा फिरवला, ट्रिम शून्यावर आणलं आणि बॅटरी बदलली.