दंताळे नसलेल्या बंकरमधून: साथीच्या काळात गोल्फ कसा खेळावा, कोर्स कसा जपावा

२०२० च्या जुलैअखेरीस महाराष्ट्र सरकारचा टाळेबंदी शिथिल करणाऱ्या 'मिशन बिगिन अगेन'चा नवा आदेश आला. त्यातल्या एकाच ओळीत गोल्फ आणि मल्लखांब शेजारी शेजारी बसले होते. टेनिस, मैदानी बॅडमिंटन, जिम्नॅस्टिक्स अशा सांघिक नसलेल्या खेळांबरोबर या दोघांनाही ५ ऑगस्टपासून परवानगी मिळाली, अंतर राखण्याच्या आणि निर्जंतुकीकरणाच्या अटीवर. चार महिन्यांच्या बंदीनंतर आम्ही कोर्सवर परतलो तेव्हा बंकरमधली, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांतली, दंताळी उचलून नेलेली होती, चेंडू धुण्याची यंत्रे पिशव्यांत गुंडाळलेली होती आणि होलमधल्या निशाणाच्या काठीला हात लावू नये अशी सूचना पहिल्या टीवरच (पहिला फटका मारायच्या जागी) टांगलेली होती.

सूचना योग्यच होत्या. पण पंधरा दिवसांत बंकर असे दिसू लागले की जणू तिथे बैलबाजार भरून गेला होता. 'हात लावू नका' याचा अर्थ बऱ्याच जणांनी 'जसे आहे तसे टाकून जा' असा घेतला. खरे तर दंताळे गेले तरी वाळू सारखी करण्याची जबाबदारी जात नाही, ती आपल्या पायावर येते. हे मार्गदर्शन त्यासाठीच. कोविडची नवी लाट असो, फ्लूचा हंगाम असो किंवा क्लबने पुन्हा काही निर्बंध घातलेले असोत, घरून निघण्यापासून परत येईपर्यंत काय करायचे ते क्रमाने सांगते.

धोका कुठे आहे ते आधी समजून घ्या

सुरुवातीला आपण सगळेच वस्तूंना घाबरत होतो. भाजी धुतली, कुरिअरची खोकी उन्हात ठेवली. नंतर चित्र स्पष्ट झाले. हा विषाणू मुख्यतः जवळच्या माणसाच्या श्वासातून पसरतो. दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे १०,००० त १ पेक्षाही कमी असल्याचे अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये सांगितले. उघड्यावर जंतुनाशक फवारू नये, हे जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्येच सांगितले होते. म्हणून ग्रीनवर (होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावर) किंवा इतर गवतावर औषध मारण्याचा आग्रह कुणी धरला तर त्याला नम्रपणे नाही म्हणा. त्याने विषाणूचे काही बिघडत नाही, गवत मात्र मरते.

कोर्सवर खरी काळजी घ्यायची ती तीन ठिकाणी: टीवरची गर्दी, गोल्फ कार्टमधली शेजारची सीट आणि खेळ संपल्यावरचा बंद खोलीतला चहा. तरीही क्लबच्या समितीने काठीला हात लावू नका म्हटले असेल तर लावू नका. आपल्याला शास्त्र ठाऊक आहे म्हणून घरचा नियम मोडायचा नसतो.

घरून निघताना

अंगात कणकण असेल, घसा धरला असेल तर जाऊ नका आणि सोबत्यांना आदल्या रात्रीच कळवा. सकाळी सहाच्या टी-टाइमला (पहिल्या फटक्याच्या ठरलेल्या वेळेला) साडेपाचला फोन करून तिघांचा खोळंबा करणे हाही शिष्टाचाराचा भंगच आहे.

बॅगेत स्वतःचे पाणी, दोन टॉवेल (एक ओला, एक कोरडा), पिच मार्क (चेंडू आदळून ग्रीनवर पडलेला खड्डा) दुरुस्त करायचा काटा, चेंडूची जागा खुणावायला नाणे, घट्ट झाकणाची सॅनिटायझरची छोटी बाटली आणि शक्य असेल तर वाळूची एक बाटली ठेवा. चेंडूंवर घरीच मार्करने आपली खूण करून घ्या, दोन ठिपके किंवा एक रेघ. मग रफमध्ये (कडेच्या वाढलेल्या गवतात) चेंडू सापडला तर 'कुणाचा?' म्हणून दुसऱ्याने तो उचलून पाहण्याची वेळ येत नाही.

डासांचा स्प्रे आणि सनस्क्रीन पार्किंगच्या डांबरावर उभे राहून लावा. गवतावर उभे राहून पायावर स्प्रे मारला तर चार दिवसांनी तिथे बुटाच्या आकाराचा हिरवा ठसा उरतो आणि भोवतालचे गवत जळलेले असते. सॅनिटायझरचेही तेच. त्यात अल्कोहोल असते, ते ग्रीनवर सांडले की पानांचा ओलावा शोषून घेते. हात चोळायचे असतील तर ग्रीनवरून खाली उतरून, कार्टच्या रस्त्यावर.

पहिल्या टीवर

अंतर मोजायला टेप नको. ड्रायव्हर म्हणजे चेंडू मारायची सर्वांत लांब काठी, म्हणजे क्लब; त्याची लांबी साधारण ४५ इंच असते. दोन ड्रायव्हर एकापुढे एक ठेवले की सव्वादोन मीटर होतात. तेवढे अंतर दोन माणसांत राहिले की पुरे. टी-बॉक्सवर एका वेळी एकानेच जावे, बाकीच्यांनी खाली थांबावे.

हातमोजा दातांनी ओढून काढणे, टी (चेंडू ठेवायची छोटी खुंटी) ओठांत धरणे, बोट ओले करून चेंडू पुसणे या सवयी नकळत लागलेल्या असतात. सोबत्याला सांगून ठेवा, 'माझ्याकडून झाले तर टोक.' आणि थुंकणे तर कोर्सवर कधीच नको, साथ असो वा नसो.

फेअरवेवर: हरळीची जखम

फेअरवे म्हणजे टी आणि ग्रीन यांमधला कापलेल्या गवताचा पट्टा. आपल्याकडच्या बहुतेक कोर्सवरचे गवत म्हणजे बर्म्युडा किंवा तिच्या संकरित जाती. बर्म्युडा म्हणजे दुसरे काही नाही, आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. शेतकरी हिला कंटाळतो, कारण उपटली तरी जमिनीखालच्या काड्यांतून ती पुन्हा फुटते. गोल्फला नेमका तोच गुण हवा असतो.

म्हणून डिव्हॉट (फटक्याने गवताचा तुकडा उडून झालेला खड्डा) पडला की इथे वाळूने भरणे जास्त चांगले. उडालेला तुकडा परत बसवण्याची पद्धत थंड हवेच्या देशांतल्या गवताची. हरळीचा तुकडा उन्हात बहुधा सुकून जातो, पण खड्ड्यात वाळू असेल तर कडेच्या काड्या आत धावतात आणि पावसाळ्यात बघता बघता खड्डा भरून काढतात. वाळू जमिनीच्या पातळीला येईल एवढीच घाला आणि बुटाने दाबून सपाट करा. ढीग ठेवला तर गवत कापायच्या यंत्राची पाती बोथट होतात. साथीत कार्टवरच्या सामाईक वाळूच्या बाटल्या काढून घेतात, म्हणून स्वतःची न्यायची.

बंकरमध्ये

दंताळ्याविना बंकर नीट कसा करायचा हे मला एका वयस्क कॅडीने (खेळाडूची बॅग वाहून सल्ला देणाऱ्या मदतनिसाने) शिकवले. मी पाय मागे ओढून वाळू सारखी करत होते. ते लांबूनच म्हणाले, 'मॅडम, ओढू नका, नाली पडते. पाय आडवा फिरवा, कुंचा फिरवल्यासारखा.' आणि स्वतःच्या बुटाने वाळूत अर्धवर्तुळ काढून दाखवले. मागे राहिली ती सपाट, मऊ जागा. तेव्हापासून मी तसेच करते.

बंकरमध्ये उतरताना चेंडूच्या सर्वांत जवळची, पण कमी उंचीची कड शोधा. उंच कडेवरून उतरलात तर कड ढासळते आणि ती बांधायला माळ्याला अर्धा दिवस लागतो. आत जाताना पडलेल्या पाऊलखुणांवरूनच बाहेर या, म्हणजे दुरुस्त करायची जागा निम्मी होते.

फटका मारण्याआधी वाळूला क्लब टेकवण्यावरचे निर्बंध मात्र आहेतच. चेंडूच्या लगेच पुढे-मागे क्लब टेकवला किंवा वाळू कशी आहे ते मुद्दाम चाचपले तर दंड बसतो. चेंडू बंकरच्या बाहेर गेल्यावर मात्र मोकळेपणाने सारखे करा. पहिला खड्डा फटक्याचा, तो सर्वांत खोल असतो. क्लबच्या मागच्या बाजूने कडेची वाळू आत लोटा. मग पाऊलखुणांवरून तळवा आडवा फिरवत मागे मागे या. बाहेर आल्यावर शेवटची खूण काठावरूनच क्लब लांब करून पुसा. सगळे मिळून अर्ध्या मिनिटाचे काम आहे. मागच्या गटाला थांबायला लागत नाही.

आणि तुमचाच चेंडू दुसऱ्याच्या पाऊलखुणेत पडला तर? निर्बंधांच्या काळात बऱ्याच क्लबांनी बंकरमध्ये चेंडू उचलून जवळच ठेवण्याची सवलत दिली होती. ती समितीचा स्थानिक नियम म्हणून लागू असेल तरच घ्यायची. नसेल तर चेंडू जसा आहे तसाच खेळायचा. म्हणून स्कोअरकार्ड घेताना हे विचारून घ्या, सहाव्या होलवर वाद नको.

ग्रीनवर

निशाणाची काठी न काढता पट (ग्रीनवर चेंडू होलकडे घरंगळवणारा फटका) करता येते, हे साथीमुळे आलेले नाही. जानेवारी २०१९ पासूनच्या नियमांनुसार ग्रीनवरून मारलेला चेंडू होलमधल्या काठीला लागला तर दंड नाही. त्याआधी दोन फटक्यांचा दंड होता. नियम वेळेवर बदलला होता असेच म्हणायचे, कारण वर्ष-सव्वा वर्षातच सगळ्या जगाला त्याचा उपयोग झाला.

काठी आत असताना चेंडू तिला टेकून अडकला आणि त्याचा कोणताही भाग ग्रीनच्या पातळीखाली असला, तर तो होलमध्ये गेला असेच धरतात. मात्र होलच्या आतल्या कपात फोमचा तुकडा घातला असेल किंवा कप वर उचलून बसवला असेल तर चेंडू पूर्ण खाली जातच नाही. तिथे काय धरायचे हे क्लबने ठरवलेले असते. ते पहिल्या टीवरच माहीत करून घ्या.

होलचा व्यास १०८ मिमी, चेंडूचा किमान ४२.६७ मिमी. मध्ये काठी असली की उरलेल्या फटीत चेंडू मावतो, पण त्याभोवती चार बोटे घालून उपसायला जागा राहत नाही. घाईत मनगट आत घुसवले की होलची कड तुटते आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाचा पट त्या तुटक्या कडेवरून वळतो. म्हणून दोन बोटांनी, अंगठा आणि तर्जनी, सरळ वर उचला. पटरच्या (पट करायच्या क्लबच्या) डोक्याने चेंडू उकरून काढणे तर अजिबात नको. वाकताना होलपासून एक पाऊल दूर उभे राहा. माणसाचे वजन कडेशी पडले की माती दबते आणि होलभोवती वाटीसारखा खोलगट भाग तयार होतो.

पिच मार्क हे ग्रीनवरचे सर्वांत मोठे काम. उंचावरून आलेला चेंडू आदळतो तिथे चिंचोक्याएवढा खड्डा पडतो आणि त्याच्या एका बाजूला गवताची घडी वर येते. काटा खड्ड्याच्या बाहेर, कडेला टोचायचा आणि माती मधोमध ढकलायची. चारी बाजूंनी तसे करा, मग पटरने हलकेच थोपटा. काटा खाली खुपसून माती वर उचलायची नाही, त्याने मुळे तुटतात आणि जागा तपकिरी पडते. लगेच दुरुस्त केलेली खूण लवकर मिटते, तशीच सोडलेली बराच काळ रेंगाळते. आपली एक आणि आणखी एक, असा मी प्रत्येक ग्रीनवर नेम ठेवला आहे. हे सगळे नियमातही बसते. २०१९ पासून बुटाच्या खिळ्यांचे ओरखडेही पट करण्याआधी सारखे करता येतात.

काटा स्वतःचाच वापरा, मागू नका, देऊ नका. चेंडू खुणावायचे नाणेही तसेच.

कोर्सवरची बाकीची माणसे

टाळेबंदीत गवत वाढायचे थांबले नव्हते. ग्रीन तीन-चार मिलिमीटरवर ठेवायचे तर जवळजवळ रोज कापावे लागते. ते काम ज्यांनी चालू ठेवले त्यांच्यामुळे आपल्याला परतायला कोर्स उरला. माळी यंत्रावर असतील तर त्यांनी हात करेपर्यंत थांबा. त्यांच्या कानांवर यंत्राचा आवाज असतो, 'फोर!'ची (चेंडू येतोय, सांभाळा अशी) आरोळी पोहोचेलच असे नाही.

हरवलेला चेंडू तीन मिनिटेच शोधायचा. पुढच्या गटाला पाठीशी भिडू नका. ज्याची तयारी झाली त्याने आधी मारावे, त्यामुळे टीवर घोळका होत नाही.

अठराव्या होलनंतर

हस्तांदोलनाऐवजी टोपी काढून नमस्कार. हा आपल्याला कुणी शिकवायला नको, आणि साथ ओसरल्यावरही मला तोच जास्त आवडतो. कार्ड एकमेकांच्या हातात न देता आकडे मोठ्याने वाचून जुळवा किंवा फोनवर नोंदवा. चहा घ्यायचाच असेल तर व्हरांड्यात, उघड्यावर.

क्लबांच्या मुठी (ग्रिप) घरी आल्यावर कोमट पाण्यात दोन थेंब साबण घालून फडक्याने पुसा आणि सावलीत वाळवा. सारखे सॅनिटायझर चोळले की रबर कोरडे पडून गुळगुळीत होते. टॉवेल धुवायला टाका. हातमोजा बॅगेत कोंबू नका, पसरून ठेवा.

आणि कॅडी. निर्बंधांत सर्वांत आधी त्यांनाच गेटबाहेर थांबवले जाते आणि त्यांची कमाई फेरीगणिक असते. तुम्ही बॅग स्वतः ओढत असाल तर नेहमीच्या कॅडीला फोन करा, फेरीचे पैसे किंवा त्यातला जमेल तेवढा भाग ऑनलाइन पाठवा. कॅडी सोबत असेल तर बॅग तुम्ही हाताळा, क्लब तुम्ही काढा आणि ठेवा, त्यांच्याकडे फक्त नजर आणि सल्ला मागा. कुठला बंकर आपण नीट करू शकलो नाही, कुठल्या होलची कड तुटली आहे, हे निघताना त्यांना किंवा माळ्यांना सांगा. उद्या पहाटे कापणी सुरू होण्याआधी ते तिथे पोहोचलेले असतील.