जुन्या कॅसेटवरच्या जपानी कार्टून कंपनीच्या लोगोचं स्वच्छ चित्र कसं मिळवायचं

आमच्या नौपाड्यातल्या घरी बाबांनी दूरदर्शनवरून रेकॉर्ड केलेलं जंगल बुक अजून आहे. १९९३ पासून दर रविवारी लागणारं ते कार्टून जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनने १९८९ साली केलेलं, पण कितीजणांना माहितीये? शेवटची नावं लागली की आपण उठायचो आणि ज्यांनी एवढं हाताने काढलं त्यांची सही, म्हणजे कंपनीचा लोगो, तर तिथेच असते ना. तोच कॅसेटवरून कॉम्प्युटरवर कसा घ्यायचा ते सांगतो.

आधी कॅसेटच्या खिडकीतून आत बघा. ठाण्याच्या पावसाळ्यात टेपवर पांढरी बुरशी येतेच, ती दिसली तर व्हीसीआरमध्ये घालूच नका, टेप वाचणारं हेड खराब होतं आणि पुढची चांगली कॅसेटपण जाते. टेप स्वच्छ असेल तर एकदा पूर्ण पुढे आणि मागे फिरवून घ्या.

मग व्हीसीआरची पिवळी (चित्राची) वायर यूएसबी कॅप्चरला, म्हणजे व्हिडिओ कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या छोट्या डबीला लावा आणि व्हर्च्युअलडब या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये ७२० बाय ५७६ पिक्सेल, सेकंदाला २५ फ्रेमवर, हफवाययूव्ही या चित्र न बिघडवणाऱ्या फॉरमॅटमध्ये रेकॉर्ड करा. फाइल खूप मोठी होते, होऊ द्या, एमपी४ मध्ये लोगोच्या कडा मातीमोल होतात. टीव्हीसमोर मोबाइल धरून फोटो तर प्लीज नकोच. कॅसेट थेट जपानची असेल तर ती एनटीएससी (तिकडची टीव्ही पद्धत) असते, ती चालवणारा व्हीसीआर लागेल, नुसत्या पॅलवाल्यात (आपल्याकडची पद्धत) चित्र काळंपांढरं येतं नाहीतर वर-खाली पळत राहतं.

आता खरं काम. हलत्या कडांवर कंगव्यासारख्या रेघा दिसतील, त्या एफएफएमपेग या व्हिडिओच्या प्रोग्राममधल्या बीडब्ल्यूडीआयएफ (bwdif) फिल्टरने जातात. नंतर लोगो स्थिर असतानाच्या वीसेक फ्रेम पीएनजी चित्रं म्हणून काढा आणि इमेजमॅजिक या चित्रांच्या प्रोग्राममध्ये सगळ्यांचा मीडियन, म्हणजे प्रत्येक ठिपक्याची मधली किंमत, घ्या, टेपची मुंग्यांसारखी खरखर प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असते म्हणून ती जाते आणि लोगो जागच्या जागी राहतो, पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला खरंच भरून आलं! जपानचे सेकंदाला तीस फ्रेम आपल्या पंचविसात बसवताना काही फ्रेममध्ये दोन चित्रं एकावर एक येतात, त्या घेऊ नका. शेवटी रुंदी ७६८ करा, नाहीतर गोल लोगो उभट अंड्यासारखा दिसतो.

कोपऱ्यात कायम असतो तो चॅनलचा लोगो, कंपनीचा नाही, इथे खूप जण फसतात. कंपनी शेवटच्या पाटीवर शोधा, तिथे "सेइसाकु" (निर्मिती) हा जपानी शब्द दोन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. पहिल्या अक्षराच्या खाली कपड्याचं चिन्ह जोडलेलं असेल तर ती पैसा आणि जबाबदारी घेणारी कंपनी, नसेल तर प्रत्यक्ष काम करणारी. उच्चार दोन्हीचा एकच, म्हणून फ्रेम झूम करूनच ठरवा. तोएई अ‍ॅनिमेशनचं मात्र सोपं आहे, त्यांच्या लोगोत पेरो नावाचं मांजर असतं, त्यांच्याच १९६९ च्या सिनेमातलं.

फाइलच्या नावात मालिका, चॅनल आणि कॅसेटवर लिहिलेली तारीख टाका, आणि मूळ कॅप्चर डिलीट करू नका.