बटाट्यावरचा करपा: फवारणी कधी आणि कशाची

पुणे जिल्ह्यातल्या सातगाव पठाराकडं खरिपात बटाटा लावणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, चार दिवस झडीचा पाऊस, ढगाळ हवा आणि गारवा असला की करपा, म्हणजे पानं करपवणारा बुरशीचा रोग, येणारच. पण आधी करपा कुठला ते बघा. खालच्या जुन्या पानांवर तपकिरी ठिपके आणि त्यात गोल गोल वलयं दिसली तर तो लवकर येणारा करपा, त्याला एवढं घाबरायचं कारण नाही. पानाच्या कडेला पाण्यात भिजल्यासारखे काळपट डाग पडलेत आणि सकाळी पान उलटं करून बघितलं तर पांढरी बुरशी दिसतेय, मग तो उशिरा येणारा करपा, हा आठवड्याभरात अख्खा प्लॉट झोपवतो.

त्यामुळं डाग दिसायची वाट बघायचीच नाही, हवा बिघडली की मॅन्कोझेब 75 टक्के हे बुरशीनाशक, 10 लिटर पाण्याला 25 ग्रॅम, स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रावण) टाकून मारा आणि पानाची खालची बाजू भिजली पाहिजे, नुसतं वरवर मारून काय उपयोग नाही. डाग दिसलेच तर सायमोक्झॅनिल अधिक मॅन्कोझेब असं एकत्र मिळणारं बुरशीनाशक 10 लिटरला 30 ग्रॅम. दुकानदार मेटालॅक्झिलवालं बुरशीनाशक देतो, पण तेच तेच औषध परत परत मारू नका, बुरशी मग दाद देत नाही.

बेणं सडकं नको, आणि झाडाच्या बुडाशी मातीची भर चांगली लावा, उघड्या बटाट्यावर बुरशी पावसाच्या पाण्यातून उतरते. काढणीआधी 10-12 दिवस पाला कापून शेताबाहेर टाका, बांधावर नको.