बिडाच्या कास्टिंगवर पहिला कट घेण्यापूर्वी: वाफेचे छोटे इंजिन घरी बनवणाऱ्यांनी या चुका टाळाव्यात

वाफेचे छोटे इंजिन घरच्या लेथवर बनवायला घेणारे पुष्कळ भेटतात. ते पूर्ण करून चालवणारे त्या मानाने कमी. अर्धवट राहिलेली जी इंजिने माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात, त्यांची दुखणी इतकी सारखी असतात, की पिशवीतून सिलिंडर बाहेर निघण्यापूर्वीच पुढची कहाणी मला कळलेली असते. काहींनी इंग्लंडहून स्टुअर्ट कंपनीच्या १० व्ही या उभ्या इंजिनाचा कास्टिंग (साच्यात ओतलेल्या कच्च्या भागांचा) संच मागवलेला असतो, तर काहींनी स्वतः लाकडी पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) करून कोल्हापूरला शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीत भाग ओतून घेतलेले असतात. चुका मात्र दोघांच्याही त्याच. पुढे दिलेले आकडे १० व्हीच्या मापाच्या इंजिनाचे आहेत, म्हणजे पाऊण इंच (सुमारे १९ मिमी) बोअर (सिलिंडरची गोल पोकळी), तितकाच स्ट्रोक (पिस्टनची ये-जा) आणि तीन इंची फ्लायव्हील.

कोअरचे भोक म्हणजे सिलिंडरचे केंद्र नव्हे

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे कास्टिंगमध्ये आयते आलेले भोक मध्यावर आहे असे धरून चालणे. हे भोक साच्यात ठेवलेल्या वाळूच्या गाभ्यामुळे, म्हणजे कोअरमुळे तयार होते. कोअर साच्यात दोन टोकांना नुसता टेकलेला असतो आणि बिडाचा (कास्ट आयर्नचा) रस त्याच्यापेक्षा कितीतरी जड असल्यामुळे ओतताना त्याला वर उचलू पाहतो. त्यामुळे कोअर एखादा मिलिमीटर सरकणे किंवा एका टोकाला तिरका होणे हा फाउंड्रीचा हलगर्जीपणा नसून रोजचा व्यवहार आहे. कास्टिंगवर मशीनिंगसाठी जादा माल ठेवलेला असतो तो याचसाठी. परंतु अशा भोकात ड्रिल सोडले की ते स्वतःची सरळ वाट काढत नाही, भोक नेईल तिकडे जाते. मागून रीमर (भोक नेमक्या मापाचे करणारे हत्यार) चालवला तर तोही त्याच वाकड्या वाटेने जातो आणि वर सुंदर फिनिश देऊन वाकडेपणा झाकून टाकतो.

इचलकरंजीचा एक डिप्लोमा झालेला तरुण असाच एक सिलिंडर घेऊन आला होता. बोअर आरशासारखा चकचकीत होता आणि त्यासाठी त्याने पाऊण इंची रीमर मुद्दाम विकत घेतला होता. कोअर मात्र मुळात पोर्टफेसच्या (वाफेच्या पोर्टची, म्हणजे ये-जा करण्याच्या भोकांची सपाट बाजू) दिशेला जवळजवळ दीड मिलिमीटर सरकलेला होता. कास्टिंग थ्री-जॉ (तिन्ही जबडे एकत्र सरकणाऱ्या) चकमध्ये आवळून त्याने आधी ड्रिल आणि मग रीमर आरपार नेला. पोर्टफेस बाहेरच्या मापावरून मिलिंग केला आणि शेवटी सिलिंडरच्या टोकाकडून पोर्टपर्यंत वाफेच्या वाटा तिरक्या ड्रिल करायला घेतल्या. ड्रॉइंगप्रमाणे तिथे जेवढी भिंत असायला हवी होती तेवढी उरलीच नव्हती, त्यामुळे ड्रिल भिंत फोडून मधोमध बोअरमध्ये बाहेर आले. ‘काका, एवढे एक भोक एपॉक्सीने बुजवता येईल ना?’ असे त्याने विचारले. वाफेवर चालणाऱ्या सिलिंडरमध्ये एपॉक्सी किती दिवस टिकेल, हे त्यालाही ठाऊक होते. शेवटी तो बोअर खऱ्या केंद्रावरून २२ मिमीपर्यंत वाढवून त्यात गनमेटलचा बुश (नळीसारखे अस्तर) बसवावा लागला. नव्याने सिलिंडर केला असता तर कमी कष्ट पडले असते.

हे टाळण्याची माझी रीत जुनी आणि संथ आहे. कास्टिंग वायर ब्रशने घासून साफ करावे, त्यावर खडू चोळावा आणि भोकाच्या दोन्ही टोकांना लाकडाचा तुकडा घट्ट ठोकून बसवावा, म्हणजे केंद्राची खूण करायला जागा मिळते. नंतर सरफेस प्लेटवर व्ही-ब्लॉकमध्ये ठेवून फ्लँजच्या (सिलिंडरच्या टोकांच्या रुंद कडांच्या) बाहेरील कडांवरून केंद्र काढावे, पोर्टफेसचा उंचवटा त्या केंद्रापासून ड्रॉइंगइतक्या अंतरावर निघतो का हे पाहावे आणि निघत नसेल तर फरक दोन्हीकडे वाटून घ्यावा. दोन्ही टोकांची वर्तुळे आखून झाल्याशिवाय लेथचे बटण दाबू नये. कास्टिंग फोर-जॉ (प्रत्येक जबडा वेगळा सरकणाऱ्या) चकमध्ये किंवा अँगल प्लेटवर धरून आखलेल्या वर्तुळाला जुळवावे आणि बोअर काढताना बोअरिंग टूलच वापरावे, कारण एका टोकाला आधार असलेले ते टूल कोअरच्या मागे न जाता लेथच्या अक्षाशी इमान राखते. शेवटचे दोन कट कटाची खोली न वाढवता, त्याच सेटिंगवर घ्यावेत. ज्या सेटिंगमध्ये बोअर झाला त्याच सेटिंगमध्ये समोरचा फ्लँजही फेस करावा. दुसरे टोक नंतर मँड्रेलवर (बोअरमध्ये घट्ट बसणाऱ्या दांड्यावर) घालून करता येते.

बोअर नेमका १९.०५ मिमी व्हावा हा हट्ट अनाठायी आहे. तो १९.२ झाला तरी काही बिघडत नाही, कारण पिस्टन बोअरला जुळवूनच टर्न करायचा असतो. बोअर गोल आणि दोन्ही टोकांना सारखा असणे महत्त्वाचे आहे, आणि नवशिक्यांचे नेमके त्याकडेच दुर्लक्ष होते. एमरी पेपर गुंडाळलेली काठी बोअरमध्ये फिरवून चमक आणणाऱ्यांना मी माझ्या लेथला हात लावू देत नाही, कारण त्यामुळे बोअरची तोंडे पसरतात आणि एमरीचे कण बिडात रुतून पुढे पिस्टन खातात.

कातडीवर नाजूक कट

‘कास्टिंग फार हार्ड आहे, टूल टिकत नाही’ ही तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांनी भीतीपोटी ०.१ मिमीचा कट घेतलेला असतो. बिडाच्या कास्टिंगचा वरचा थर, म्हणजे कातडी, साच्याला लागून भराभर थंड झालेला असतो आणि त्यात वाळूचे कण भाजून बसलेले असतात. टूलचे टोक त्या थरातच घासत राहिले, तर एचएसएसची (हाय-स्पीड स्टीलच्या टूलची) धार पाहता पाहता जाते. पहिला कट निदान एक मिलिमीटर खोल घ्यावा, म्हणजे टोक कातडीच्या खाली मऊ बिडात चालते आणि कातडी वरून आपोआप सुटते. त्याआधी जुन्या कानशीने किंवा ग्राइंडरने कडेला थोडा उतार देऊन ठेवावा, म्हणजे टूल आत शिरतानाही कातडीवर आपटत नाही.

दुसरा दोष वेगाचा असतो. एचएसएस टूलने बीड कापताना मिनिटाला १५ ते २० मीटर वेग पुरतो; तीन इंची फ्लायव्हीलच्या कडेला तो मिनिटाला अवघ्या ६० ते ८५ फेऱ्यांवर मिळतो. राजकोट किंवा बटाल्याच्या जुन्या लेथवर बॅकगिअर (वेग कमी करणारे गिअर) लावला की काम झाले. हल्लीच्या छोट्या टेबल-लेथची मोटर मात्र इतक्या कमी वेगावर दम सोडते. मग मालक वेग वाढवतो, टूल निळे पडते आणि दोष बिडाला दिला जातो. अशा वेळी के २० ग्रेडची ब्रेझ केलेली कार्बाइड टिप वापरावी. पोलादासाठी असलेली पी ग्रेडची टिप बिडावर वापरून पैसे वाया घालवण्यात अर्थ नाही.

कास्टिंग खरोखरच हार्ड असते असेही कधी कधी घडते. जिथे मोठे, जाड भाग ओतले जातात अशा एका फाउंड्रीत एका ओळखीच्या गृहस्थांनी आपले फ्लायव्हील ओतून घेतले होते. जाड भागांसाठी तयार केलेल्या रसात कार्बन आणि सिलिकॉन बेतानेच ठेवलेले असतात. तोच रस सहा-सात मिलिमीटरच्या रिममध्ये गेला की चटकन गोठतो, ग्रॅफाइट तयार व्हायला अवधी मिळत नाही आणि पांढरे बीड बनते. त्यांच्या फ्लायव्हीलच्या रिमवर अशी जागा होती. कानस तिच्यावरून नुसती घसरत असे. गृहस्थांनी एकामागून एक टिपा मोडल्या, पण कानस लावून पाहण्याचे त्यांना सुचले नव्हते. तेच फ्लायव्हील कोळशाच्या भट्टीत चांगले लाल होईपर्यंत तापवून, तसेच बराच वेळ ठेवून, राखेत रात्रभर निवू दिल्यावर साध्या एचएसएस टूलने टर्न झाले. म्हणून कास्टिंग हाती आल्यावर प्रत्येक पातळ कडेवर आधी कानस फिरवून पाहावी. फाउंड्रीत लहान भाग देताना ‘पातळ माल आहे, साच्यातच गार होऊ द्या’ असे सांगावे. लाल असतानाच साचा फोडला तर हाच त्रास वाढतो.

इतर काही

बिडावर कूलंट किंवा तेल वापरू नये, ते कोरडेच कापावे. त्यातले ग्रॅफाइट पुरेसे वंगण असते. तेल आणि बिडाची धूळ एकत्र आली की ते मिश्रण लेथचा बेड चंदनासारखे उगाळते, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी बेड पुसून त्यावर वर्तमानपत्र पसरावे आणि तोंडाला मास्क बांधावा.

फ्लायव्हीलचे भोक आणि रिम एकाच सेटिंगमध्ये करावेत, नाहीतर चालताना दिसणारी वळवळ पाहुण्यांच्याही लक्षात येते. सिलिंडरच्या खालच्या कव्हरमधील ग्लँडचे (पिस्टन रॉडभोवती वाफ अडवणाऱ्या पॅकिंगच्या जागेचे) भोक आणि बोअरमध्ये बसणारी कव्हरची पायरी यांनाही हाच नियम लागू आहे.

पिस्टन वेगळा टर्न करून रॉडवर चढवू नये. रॉडवर बसवूनच त्याचा शेवटचा कट घ्यावा.

पातळ कास्टिंग चकमध्ये जीव खाऊन आवळले तर ते दबते आणि सोडल्यावर गोल राहत नाही.

जोडल्यावर इंजिन अडत असेल तर

उतावीळ माणूस सगळे भाग एकदम जोडतो, इंजिन हाताने फिरत नाही हे पाहतो आणि थेट बेअरिंगला कानस लावतो. कोणत्या भागामुळे अडते आहे हे कळल्याखेरीज एकाही भागाला कानस लावू नये. आधी बेअरिंगमध्ये केवळ क्रँकशाफ्ट बसवून फिरवावी, मग कनेक्टिंग रॉड आणि क्रॉसहेड (कनेक्टिंग रॉड व पिस्टन रॉड यांना जोडणारा सरकता भाग), त्यानंतर पिस्टन, आणि ग्लँडचे पॅकिंग सर्वांत शेवटी. प्रत्येक भाग जोडल्यावर इंजिन हाताने फिरवून पाहावे.

एका फेरीत एकदाच, पिस्टन वर असताना अडत असेल, तर बहुधा सिलिंडर आणि क्रॉसहेडचे गाइड एका रेषेत नाहीत. उभ्या इंजिनात त्या क्षणी क्रॉसहेड ग्लँडच्या सर्वांत जवळ येतो आणि रॉडला लवचिकपणे सामावून घ्यायला लांबी उरत नाही, म्हणून तिथेच दोष उघड होतो. अशा वेळी सिलिंडरचे नट सैल करावेत, पिस्टन वर आणून सिलिंडरला आपली जागा शोधू द्यावी आणि त्याच स्थितीत नट थोडे थोडे, समोरासमोरचे, आवळत जावे. स्टडची भोके किंचित मोठी ठेवलेली असली की हे सहज जमते. इंजिन लेथला जोडून पॉलिशची पेस्ट लावत तासन्‌तास फिरवण्याचा उपाय काही जण सुचवतात. त्याने इंजिन मोकळे होते हे खरे, पण जिथे झीज नको तिथेही ते झिजते.

पहिली चाचणी वाफेवर न घेता कॉम्प्रेसरच्या हवेवर, एक बार दाबाच्या आसपास घ्यावी. हवा सतत एक्झॉस्टमधून फुसफुसत असेल, तर स्लाइड व्हॉल्व्ह (पोर्ट उघडझाप करणारी सरकती झडप) पोर्टफेसवर नीट टेकत नाही. जाड काचेवर अतिबारीक एमरी ठेवून दोन्ही पृष्ठे वेगवेगळी घासून घ्यावीत. वाफेवर इंजिन चालवल्यावर ते गरम असतानाच ड्रेन कॉक उघडून साचलेले पाणी काढावे, सिलिंडरमध्ये स्टीम ऑइल घालून फ्लायव्हील हाताने फिरवावे आणि मगच इंजिन कपाटात ठेवावे. पावसाळ्यात हे करायचे एक रात्र जरी राहिले, तरी बिडाचा पिस्टन बिडाच्या बोअरमध्ये गंजून पक्का बसतो.